अँटिबायोटिकचा कोर्स नक्की किती दिवसांचा?

निशिगंध

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांना (वय ७१) मागच्या आठवड्यात न्यूमोनिया झाला. वेळेत कळलं, ॲडमिट करावं लागलं नाही. डॉक्टरबाईंनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं. ताप उतरला, जेवू लागले. पाच दिवस झाल्यावर फोन केला तर त्या म्हणाल्या, "छान आहे, आता गोळ्या बंद."

तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. सासूबाई आणि नणंद म्हणतात की न्यूमोनियासारख्या आजाराला पाच दिवस पुरतातच कसे? नणंदेच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांनीही फोनवर सांगितलं की निदान दहा दिवस घ्या, नाहीतर जंतू रेझिस्टंट होतील, म्हणजे औषधाला दाद देणार नाहीत. इकडे आमच्या डॉक्टरबाई म्हणतात की उगाच जास्त दिवस घेतलं तर रेझिस्टन्स वाढतो.

कमी घेतलं तरी वाढतो, जास्त घेतलं तरी वाढतो, हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? जाणकारांनी कृपया समजावून सांगावं. इतरांचे अनुभवही वाचायला आवडतील.

झुळूक

माझ्याही मनातला प्रश्न. वाचनखूण साठवली आहे.

मधुकर_ठाणे

यात वाद घालण्यासारखं काय आहे? कोर्स पूर्ण करायचाच. अर्धवट सोडलं की अशक्त जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. आमच्या पिढीला हे शाळेत असल्यापासून माहीत आहे. दहा सांगितले असतील तर दहा घ्या.

खोडसाळ_खारूताई

मधुकरकाका, पण इथे पाचच सांगितलेत. दहा नणंदेने सांगितलेत. :)

डॉ_अनवट

निशिगंध, तुमच्या डॉक्टरांनी योग्यच केलं आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज माझ्या ओपीडीत रोज भेटतो.

"कोर्स अर्धवट सोडला तर रेझिस्टन्स" या समजुतीचं मूळ बरंच जुनं आहे. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानात एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. घसा दुखणारा एक माणूस स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो आणि अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. मग त्याच्या बायकोला त्याच जंतूंमुळे न्यूमोनिया होतो आणि ती दगावते. इशारा मोलाचा होता. पण त्यांनी उदाहरणाला घेतलेला घशाचा स्ट्रेप्टोकोकस आज इतक्या वर्षांनंतरही पेनिसिलिनला दबून आहे. रेझिस्टन्स वाढला तो भलत्याच जंतूंमध्ये, आणि कळीचा मुद्दा इथेच आहे.

तुमच्या सासऱ्यांच्या फुफ्फुसात न्यूमोनियाचे जंतू होते. पण गोळी काही फक्त फुफ्फुसात जात नाही. ती रक्तातून सगळीकडे फिरते, आतड्यात जाते, कातडीत जाते. आतड्यात अब्जावधी जीवाणू सुखाने नांदत असतात, ई. कोलाय, क्लेबसिएला वगैरे. त्यांचा न्यूमोनियाशी काही संबंध नाही. तरी गोळीच्या प्रत्येक दिवशी त्यांच्यातले औषधाला दबणारे मरतात आणि न दबणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. प्रयोगशाळेत ई. कोलायची संख्या साधारण २० मिनिटांत दुप्पट होते, त्यामुळे मोकळी जागा भरायला त्यांना वेळ लागत नाही. पुढे कधीतरी हेच जंतू लघवीच्या मार्गात शिरले किंवा ऑपरेशनच्या वेळी रक्तात गेले, की नेहमीची औषधं चालत नाहीत. म्हणून आजार आटोक्यात आल्यावरचा प्रत्येक जादा दिवस हा फायदा नसलेला खर्च आहे.

२०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी हीच बाजू जाहीरपणे मांडली आणि खूप चर्चा झाली. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही घरी झालेल्या न्यूमोनियाला पाच दिवस आणि हॉस्पिटलमध्ये जडलेल्या न्यूमोनियाला आठ दिवस असं आहे. साध्या विषाणूजन्य खोकल्याला तर अँटिबायोटिक नकोच.

मग कोर्स पूर्ण करणं चुकीचं का? मुळीच नाही. टीबीत ते जीवन-मरणाचं आहे. संधिवाती तापाच्या (घशाच्या संसर्गानंतर हृदयाला इजा करू शकणारा आजार) भीतीने घशाला पेनिसिलिन दिलं असेल तर पूर्ण दहा दिवस घ्यावं लागतं. हाडाचा संसर्ग, हृदयाच्या झडपेचा संसर्ग यांना कित्येक आठवडे लागतात. आजारागणिक मुदत वेगळी असते आणि ती ठरवणं डॉक्टरचं काम आहे.

मधुकर_ठाणे

डॉक्टर, तुमचा मुद्दा समजला, पण पूर्ण पटला नाही. तुम्ही शहाण्या पेशंटचा विचार करून लिहिताय. आमच्या सोसायटीत निम्मे लोक तिसऱ्या गोळीला बरं वाटलं की पाकीट फ्रिजवर टाकतात. त्यांना "कमी दिवसही चालतं" असं सांगितलं की ते पहिल्या दिवशीच थांबतील. "कोर्स पूर्ण करा" हे वाक्य साधं आहे, सगळ्यांना कळतं. ते मोडून टाकू नका.

डॉ_अनवट

काका, तुमची काळजी रास्त आहे. मी पेशंटला एवढंच सांगतो की लिहून दिलंय तेवढं घ्या, एक गोळी कमी नाही आणि एक जास्त नाही. मधेच बरं वाटलं तर थांबण्याआधी मला फोन करा. कोर्स किती छोटा करायचा हा विचार आम्ही लिहिताना करायचा असतो, पेशंटने घरी नव्हे.

औषधवाला_कराड

बावीस वर्षं मेडिकल चालवतोय, म्हणून दोन शब्द.

दुकानात येणाऱ्या माणसाला कोर्स पाच दिवसांचा की दहा हा प्रश्नच पडलेला नसतो. तो येतो आणि म्हणतो, "घसा धरलाय, ती तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या." म्हणजे अझिथ्रोमायसिन ५००. नाव पाठ असतं, किंमत पाठ असते. चिठ्ठी मागितली की म्हणतो, "मागच्या वेळी दिली होती की." नाही दिली तर समोरच्या दुकानात जातो. काही जण तर दोनच गोळ्या कापून मागतात.

नियम नाहीत असं नाही. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ ही जास्त कडक नियमांच्या औषधांची यादी लागू आहे. त्यातलं औषध विकलं की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग हे सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम ही त्यात आली. पण सगळ्यात जास्त मागितली जाणारी अझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन त्या यादीत नव्हती. त्यांनाही चिठ्ठी लागतेच, फक्त रजिस्टर लागत नाही. स्ट्रिपवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते. ती दिसली की समजायचं, चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही. मी गिऱ्हाइकाला ती रेघ बोटाने दाखवतो. निम्म्या लोकांनी ती आयुष्यात पहिल्यांदा बघितलेली असते.

खोडसाळ_खारूताई

आत्ता उठून घरातल्या डब्यातल्या स्ट्रिपा पाहिल्या. तीन लाल रेघा सापडल्या. एक तर २०२१ मधली आहे!

रानजाई

औषधवालेदादा, तुम्ही प्रामाणिक असाल, पण माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या कोपऱ्यावरचा केमिस्ट स्वतःच "सोबत हे अँटिबायोटिक घ्या, लवकर बरं वाटेल" म्हणून पुढे करतो. माझ्या आईला साध्या जुलाबांना त्याने दोन औषधं एकत्र असलेली गोळी दिली. ओआरएस मागितलं तर म्हणे, त्याने काय होतंय. तुमच्या धंद्यातल्या लोकांनीच ही सवय लावली आहे.

औषधवाला_कराड

रानजाईताई, तसे लोक आहेत, नाकारत नाही. त्या केमिस्टने चूकच केली. बहुतेक जुलाबांना ओआरएस, आणि लहान मुलांना सोबत झिंक, एवढंच लागतं.

पण सगळं खापर आमच्यावर नको. आपल्याकडे कित्येक दवाखान्यांत डॉक्टर स्वतःच पुड्या बांधून देतात. एक पांढरी, एक पिवळी, अर्धी गुलाबी, सकाळ-संध्याकाळ. वर नाव नाही, पावर नाही. पेशंट तीन दिवसांनी माझ्याकडे येतो, "गुण नाही, दुसरं द्या." आता आधी काय दिलं होतं हे मला कसं कळणार? पुढच्या डॉक्टरला तरी कसं कळणार? पुडीत अँटिबायोटिक होतं की नव्हतं हे कळायचा पेशंटला हक्क आहे. माझं सगळ्यांना सांगणं आहे, पुडी मिळाली तर नाव लिहून मागा.

झुळूक

हे पुडीचं अगदी अगदी. आमच्या गावात "डॉक्टरच्या हाताला गुण आहे" म्हणतात तो गुण बहुतेक वेळा पुडीतल्या स्टिरॉइडचा असतो.

डॉ_अनवट

आणि दुसरी बाजूही ऐका. पेशंट म्हणतो, "डॉक्टर, काहीतरी भारी द्या, उद्या ऑफिसला जायचंय." विषाणूचा ताप आहे, तीन-चार दिवसांत आपोआप उतरेल, हे समजावायला दहा मिनिटं लागतात. गोळी लिहायला दहा सेकंद. बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. मार्च २०२३ मध्ये फ्लूची साथ होती तेव्हा आयएमएने, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेने, जाहीर आवाहन केलं होतं की सर्दी-खोकला-तापाला अझिथ्रोमायसिन, अमॉक्सिक्लॅव्ह देऊ नका. विषाणूवर ही औषधं काडीचाही परिणाम करत नाहीत. तापाचा उतार आणि गोळीची वेळ जुळते, आणि श्रेय गोळीला जातं.

पेट्रीप्लेट

मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजी बघते. रेझिस्टन्स हा शब्द सगळे वाचतात, मी तो रोज सकाळी डोळ्यांनी बघते, म्हणून लिहावंसं वाटलं.

लघवीचा नमुना आला की आधी त्यातला जंतू वाढवतो. दुसऱ्या दिवशी तो मिठाच्या पाण्यात ठराविक गढूळपणा येईपर्यंत कालवायचा आणि कापसाच्या बोळ्याने अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर सगळीकडे सारखा फासायचा. त्यावर औषध मुरवलेल्या कागदाच्या ६ मिलिमीटरच्या चकत्या चिमट्याने ठेवायच्या. प्रत्येक चकतीवर औषधाची अक्षरं छापलेली असतात. रात्रभर ३५ अंशाला ठेवून सकाळी झाकण उघडलं की निकाल समोर. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल जागा दिसते, तिचा व्यास मोजायचा आणि तक्त्याशी ताडायचा. चालत नसेल तर जंतूंचा पांढरट थर थेट चकतीला येऊन टेकलेला असतो.

घरी राहणाऱ्या, कधी हॉस्पिटलचं तोंड न बघितलेल्या बाईच्या लघवीतला ई. कोलाय असतो आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला तो बिनदिक्कत टेकलेला असतो. सेफिक्झिमलाही. मग खाली नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन यांची वर्तुळं स्वच्छ दिसली की जीव भांड्यात पडतो. रिपोर्टवर एस आणि आर अशी अक्षरं असतात, एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे नाही.

दोन विनंत्या. कल्चर, म्हणजे ही जंतू वाढवून बघायची तपासणी, सांगितलं असेल तर नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्या. "दोन दिवस गोळ्या घेऊन बघितल्या, गुण नाही, म्हणून आलो" असे नमुने येतात, त्यात धड काही वाढत नाही. आणि लघवीची पहिली धार सोडून मधली धरा, दोन तासांच्या आत लॅबला पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

रानजाई

पेट्रीप्लेट, किती छान लिहिलंय. आईचा रिपोर्ट काढून परत बघितला, आता अर्थ लागला. एक शंका. कधी हॉस्पिटलमध्ये न गेलेल्या बाईकडे हे जंतू आले कुठून?

पेट्रीप्लेट

अन्नातून, पाण्यातून, घरातल्या माणसांकडून. शिवाय जीवाणू एकमेकांना रेझिस्टन्सची जनुकं सरळ देऊन टाकतात. डीएनएची छोटी गोल कडी असते, प्लाझ्मिड म्हणतात. एका जातीच्या जीवाणूकडून ती दुसऱ्या जातीकडे जाते, आणि एकाच कडीवर चार-पाच औषधांना दाद न देणारी जनुकं असू शकतात. गावात एकाकडचं बियाणं शेजाऱ्याकडे जातं तसं. त्यामुळे सिप्रो बंद केलं म्हणून सिप्रोचा रेझिस्टन्स जाईलच असं नाही, दुसऱ्या औषधाच्या वापरानेही तो टिकून राहतो.

माणदेशी

बियाण्याचा विषय निघाला म्हणून शेतकऱ्याने पण लिहावं म्हटलं. सांगोला तालुका, चार एकर डाळिंब.

आमच्याकडं तेल्या म्हणून रोग हाय. पानावर, फळावर तेलकट काळे डाग पडतात, मग फळ उलतं, वाय किंवा एल अक्षरासारखी चीर पडती. व्यापारी ते फळ हातात घेत नाही. मृग बहार, म्हणजे पावसाळ्यातला, धरला आणि ढगाळ पाऊस लागला की बाग बघता बघता जाती. हा बुरशीचा रोग नव्हं, जीवाणूचा हाय. म्हणून सगळे स्ट्रेप्टोसायक्लिन मारतात. छोटी पुडी मिळती, कॉपरसोबत कालवून फवारायची. त्यात स्ट्रेप्टोमायसिन नऊ भाग, टेट्रासायक्लिन एक भाग. दोन्ही माणसाची औषधं. फवारताना तोंडाला फडकं बांधायचं, संपलं. उरलेलं पाणी बांधाला.

सरकारनं २०२१ ला यावर बंदीचा मसुदा काढला. आमच्यातले बरेच जण चिडले, कारण दुसरा उपाय हाताशी नाही असं वाटतं. मी चिडलो नाही. आमच्या वडिलांना टीबी झाला होता, त्यांना ढुंगणात स्ट्रेप्टोमायसिनची सुई असायची. तेच औषध मी झाडावर मारतो हे कृषी सहायकानं सांगितलं तवा डोक्यात लख्ख झालं. आता हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरतानाचा, धरतो, त्यात तेल्या कमी येतो. कात्री दर झाडाला औषधात बुडवून मगच छाटणी. रोगट फळं-पानं वेचून जाळायची, बागेत कुजवायची नाहीत. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) वेळेवर. मृगाइतकं उत्पन्न येत नाही कधी कधी, पण बाग उभी हाय.

मधुकर_ठाणे

माणदेशी, तुम्हाला नमस्कार. डाळिंबावर टीबीचं औषध मारतात हे आज कळलं.

कॉलनीतला_पोरगा

स्ट्रेप्टोसायक्लिनचं नाव वाचून लिहायलाच हवं. ते पिंपरीच्या एच.ए.चं, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं उत्पादन. माझं सगळं लहानपण एच.ए. कॉलनीत गेलं.

हा कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिला, सरकारी क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. तोवर पेनिसिलिन परदेशातून यायचं. परवडणाऱ्या किमतीत ते आपल्या माणसाला मिळावं म्हणून तो उभारला. माझ्या आजोबांच्या पिढीने साध्या जखमेत पू होऊन माणसं गेलेली बघितली होती. त्यांच्यासाठी पेनिसिलिन ही जपून वापरायची वस्तू होती. आज ती आठवण कुणालाच नाही, आणि माझ्या मते बेफिकिरी तिथूनच आली आहे.

ट्युलिपच्या_देशात

नेदरलँड्समधून. इथे आल्यावर पहिली तक्रार प्रत्येक भारतीयाची एकच, "डॉक्टर काही देतच नाही, पॅरासिटामॉल घ्या आणि बरं नाही वाटलं तर परत फोन करा म्हणतो." मीही पहिली दोन-तीन वर्षं भारतातून येताना बॅगेत अझिथ्रोमायसिन आणणाऱ्यांच्या घरी जेवले आहे. :)

पण एक प्रसंग सांगते. माझी आई भारतात हॉस्पिटलमध्ये होती आणि नंतर माझ्याकडे आली. इथे तिला ॲडमिट करायची वेळ आली. परदेशी हॉस्पिटलमध्ये राहून आली आहे कळताच तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, नाकातून आणि इतर ठिकाणांहून नमुने घेतले. नर्स गाउन-ग्लोव्ह्ज घालून आत यायची. आईला फार लागलं ते, "मला अस्पृश्यासारखं वागवतात" म्हणाली. नर्सने शांतपणे बसून समजावलं की हे सगळ्याच परदेशी हॉस्पिटलमधून आलेल्यांना करतात, डच माणूस असला तरी. इथल्याच एका मोठ्या अभ्यासात (२०१७) दिसलं होतं की दक्षिण आशियात फिरून आलेल्या प्रवाशांपैकी साधारण चारात तिघं असे रेझिस्टंट जंतू आतड्यात घेऊन परततात. धडधाकट माणसं, फक्त फिरायला गेलेली.

सडेतोड

हे जे परदेशी अभ्यास असतात ना, त्यांचा रोख नेहमी आपल्यावर. २००९ मध्ये एका जनुकाला सरळ "न्यू दिल्ली" नाव देऊन टाकलं. मेडिकल टुरिझमची बदनामी करायची होती, दुसरं काय?

पेट्रीप्लेट

सडेतोड, नावाबद्दलचा तुमचा राग मला समजतो. शहराचं नाव द्यायला नको होतं असं मलाही वाटतं. पण जनुक खरं आहे. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या पेशंटमध्ये ते पहिल्यांदा ओळखलं गेलं, त्यांच्यावर दिल्लीत उपचार झाले होते. हे जनुक असलं की कार्बापेनेम गटातली औषधं निकामी होतात, म्हणजे आयसीयूत जवळजवळ शेवटी काढतात ती. नाव काहीही द्या, माझ्या प्लेटवर मेरोपेनेमच्या चकतीला टेकलेला क्लेबसिएला मला दिसतो. त्याला कोलिस्टिन द्यावं लागतं, आणि ते मूत्रपिंडांना त्रास देतं.

सडेतोड

ते ठीक. पण मग हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात सिप्रो सापडलं, ते कुणासाठी बनत होतं? जगभरातल्या स्वस्त गोळ्यांसाठीच ना?

पेट्रीप्लेट

हा मुद्दा एकदम बरोबर. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तपासणीत प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्यात लिटरला ३१,००० मायक्रोग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन होतं. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्याहूनही जास्त. स्वस्त गोळीची किंमत तिथल्या ओढ्यांनी मोजली.

गोठ्यातला_डॉक्टर

पशुवैद्य आहे, कोल्हापूर जिल्हा. कोलिस्टिनचा उल्लेख आला म्हणून. हे औषध कोंबडीखाद्यात वाढीसाठी घातलं जायचं. जुलै २०१९ मध्ये केंद्राने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्यावर बंदी घातली. चांगला निर्णय.

दुधाबद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो. गाईला काससुजी झाली की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. त्यानंतर ट्यूबवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत त्या गाईचं दूध डेअरीला घालायचं नसतं. पण दूध ओतून देणं शेतकऱ्याच्या जिवावर येतं, घरचा खर्च त्यावर चालतो. मी त्यांना सांगतो की धार काढायच्या आधी कास धुवा, कोरडी पुसा, धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवा, आणि गाय लगेच खाली बसू देऊ नका, वैरण टाका म्हणजे उभी राहील. सडाचं तोंड मिटायला थोडा वेळ लागतो. एवढं रोज केलं तर अर्ध्या ट्यूबा लागणारच नाहीत.

खोडसाळ_खारूताई

न्यूमोनियापासून निघालेला धागा गोठ्यात पोचला. निशिगंध, आहात ना?

निशिगंध

आहे आहे, सगळं वाचतेय. सासूबाईंनाही वाचून दाखवतेय. माणदेशींचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला.

अनामिका_म

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते.

मला एमडीआर टीबी होता, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा. मुंबईत नोकरी, वय तेव्हा पंचविशीच्या आत. आधी साधा टीबी समजून औषधं सुरू झाली. कुठलं औषध लागू पडेल याची तपासणी आधी झालीच नाही. खोकला कमी होईना, वजन उतरत गेलं. मग थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू आणि त्यांचा रेझिस्टन्स शोधणारी तपासणी) केली तेव्हा रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालत नाही हे कळलं. तोवर बरेच महिने गेले होते आणि मी लोकलने रोज ये-जा करत होते, हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

तेव्हाच्या उपचारात रोज कॅनामायसिनचं इंजेक्शन असायचं, महिनोन्‌महिने. बसायला जागा उरली नव्हती. कानात शिट्टी वाजायला लागली ती आजही वाजते. मुंबईचीच नंदिता व्यंकटेशन, तिची तर ऐकण्याची शक्तीच या औषधाने गेली. तिने आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिलेने बेडाक्विलिन या टीबीच्या नव्या औषधाच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून अर्ज केला होता आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने ती मुदतवाढ नाकारली. त्या दिवशी मी खूप रडले, आनंदाने.

आता नवे पेशंट नशीबवान आहेत. इंजेक्शन नाही, सगळ्या गोळ्या, आणि बीपाम नावाचा कोर्स जेमतेम सहा महिन्यांचा. सरकारी केंद्रात फुकट मिळतो. कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर घरातलं अँटिबायोटिक घेत बसू नका. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळीने टीबी थोडा दबतो, बरं वाटतं, निदान लांबतं आणि ते औषधही हातचं जातं. थुंकी तपासा.

कोर्सबद्दल एवढंच सांगते, टीबी असेल तर शेवटच्या गोळीपर्यंत घ्या. मळमळ होईल, रंग बदलेल, नको नको होईल, तरी घ्या.

ट्युलिपच्या_देशात

अनामिका, तुम्हाला घट्ट मिठी.

डॉ_अनवट

अनामिका, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे.

त्यांच्या प्रतिसादाने मूळ प्रश्नाची दुसरी बाजू स्पष्ट होते. टीबीने फुफ्फुसात पडलेल्या पोकळीत जंतूंची संख्या प्रचंड असते आणि त्यात प्रत्येक औषधाला न जुमानणारे काही जण जन्मतःच असतात. एकच औषध दिलं की तेवढे वाढून बसतात. १९४८ मध्ये ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हेच झालं, पेशंट आधी सुधारले आणि मग बऱ्याच जणांचे जंतू औषधाला जुमानेनासे झाले. म्हणून टीबीला एकदम चार औषधं आणि सहा महिने. इथे फ्लेमिंगची गोष्ट अक्षरशः लागू होते. न्यूमोनियात आणि साध्या लघवीच्या संसर्गात ती तशी लागू होत नाही. नणंदबाईंच्या डॉक्टरांनी टीबीचा नियम न्यूमोनियाला लावला, इतकंच.

सडेतोड

मग नवी औषधं का निघत नाहीत?

डॉ_अनवट

निघतात, पण फार कमी. कंपनीच्या दृष्टीने बघा. नवं अँटिबायोटिक आलं की आम्हीच म्हणतो, ते कपाटात ठेवा, शेवटी वापरू. रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो, हे पाच दिवस. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. चांगली बातमी घरची आहे. वोखार्टचं नाफिथ्रोमायसिन नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, घरी होणाऱ्या न्यूमोनियासाठी, तीन दिवसांचा कोर्स. पण तेही खोकल्याला वाटलं गेलं तर त्याचं अझिथ्रोमायसिन व्हायला वेळ लागणार नाही. २०१९ या एका वर्षात जगात १२.७ लाख मृत्यू थेट रेझिस्टंट जीवाणूंमुळे झाले असा अंदाज आहे, हे विसरून चालणार नाही.

झुळूक

लस घेऊन काही फरक पडतो का? नवी मुंबईत राहते, महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची लस दिली होती, माझ्या मुलीला तेव्हा मिळाली.

डॉ_अनवट

मोठा फरक पडतो. जो आजार झालाच नाही त्याला अँटिबायोटिक लागत नाही. नवी मुंबईने खूप चांगलं काम केलं. पाकिस्तानात सिंधच्या हैदराबादेत २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की तोंडाने घ्यायच्या औषधांत अझिथ्रोमायसिनच काय ते उरलं. आणि आपण तेच घसादुखीला घेतो! निशिगंध, सासऱ्यांना पूर्ण बरं वाटलं की न्यूमोकोकसची आणि फ्लूची लस जरूर विचारा.

निशिगंध

नक्की विचारते. घरातला वाद मिटला आहे, गोळ्या पाचव्या दिवशीच थांबवल्या. एकच शंका राहिली. खोकला अजून थोडा आहे आणि थकवाही. सासूबाईंना वाटतंय की जंतू शिल्लक आहेत.

डॉ_अनवट

खोकला आणि थकवा काही आठवडे राहू शकतो. या वयात एक्स-रे पूर्ण साफ व्हायला सहा आठवडेही लागतात, म्हणून लगेच परत काढू नका. ताप पुन्हा आला, दम लागला, गोंधळल्यासारखं बोलायला लागले किंवा छातीत दुखलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

खोडसाळ_खारूताई

आणि माझ्या डब्यातल्या त्या लाल रेघांच्या गोळ्यांचं काय करू? कचऱ्यात टाकू की बेसिनमध्ये?

औषधवाला_कराड

बेसिनमध्ये अजिबात नको, पाण्यात जातं. तुमच्या केमिस्टला विचारा, काही जण मुदत संपलेली औषधं परत घेतात, मी घेतो. केरळात सरकारने घरातली जुनी औषधं गोळा करायची सोय केली आहे, आपल्याकडे अजून सगळीकडे नाही. कोणीच घेत नसेल तर गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहा पावडरीत कालवा, पिशवीत घट्ट बांधा आणि मगच कचऱ्यात टाका, म्हणजे कुणी वेचून परत वापरणार नाही. स्ट्रिप कापून टाका.